मॅचचा छर्रा कसा निवडावा? १० मीटर एअर रायफलसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे छर्‍यांबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. महागडी डबी घेतली म्हणजे गुण वाढतात, ही समजूत खोडून काढायचा त्यात मुद्दाम प्रयत्न आहे. रायफल कोणत्या ब्रँडवर खूश आहे हा प्रश्नच नाही. ती कोणत्या बॅचवर, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या कोणत्या छर्‍यांवर, खूश आहे, हे शोधायचं असतं.

परदेशात हरणाच्या शिकारीच्या रायफलीसाठी लोक हाताने काडतुसं भरतात. तसं आपल्याकडे करता येतं का?

नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. पेंच असो, ताडोबा असो की उमरेड-कऱ्हांडला, चितळावर छर्रासुद्धा झाडला तर तो गुन्हाच. काडतुसं भरणं हीदेखील परवान्याच्या चौकटीतली गोष्ट आहे, घरच्या टेबलावरची नव्हे.

पण त्या कामातली शिस्त आपल्या उपयोगाची आहे. तिथली माणसं एका वेळी एकच गोष्ट बदलतात, कागदावर गट (एकाच नेमाने मारलेल्या भोकांचा पुंजका) पाडतात, मोजतात, लिहून ठेवतात आणि मगच पुढची गोष्ट बदलतात. एअर रायफलमध्ये दारू नसते, म्हणून आपल्या हातात चारच गोष्टी उरतात: छर्‍याचा प्रकार, डोक्याचं माप, बॅच आणि छर्‍याचा वेग. शोध मात्र तितक्याच काटेकोरपणे करावा लागतो.

एअर रायफलला परवाना लागतो का?

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला लागत नाही. मॅचची रायफल ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७२ मीटर वेगाने फेकते. ती ऊर्जा ८ ज्यूलच्याही आत येते. तरीही हे खेळणं नाही. या वेगाने गेलेला छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो.

छर्‍याने खरंच किती फरक पडतो? शिकाऊ मुलाला आत्ताच भारी डबी घेऊन द्यावी का?

हिशेब मांडून बघा. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ जेमतेम ०.५ मिमीचं, म्हणजे बॉलपेनाच्या टिंबाएवढं. दशांशात गुण मोजताना छर्‍याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून ०.२५ मिमीच्या आत पडलं तर १०.९, आणि पुढे दर ०.२५ मिमीला ०.१ कमी. २.५ मिमीवर १०.० उरतो, कारण छर्‍याची कड त्या वर्तुळाला टेकली तरी १० धरतात.

आता एका मुलाची सरासरी चूक ३ मिमी आहे असं धरा. ६० शॉटचा त्याचा स्कोअर ५८५ च्या आसपास येईल. त्याच्या छर्‍याची स्वतःची चूक ०.८ मिमी असेल, तर दोन्ही मिळून ३.८ होत नाही. अशा चुका वर्ग करून मिळवतात आणि मग वर्गमूळ काढतात, त्यामुळे एकूण चूक ३.१ होते. नुकसान अडीच गुणांचं. दुसऱ्या नेमबाजाची स्वतःची चूक १ मिमी आहे, म्हणजे तो ६३० च्या पुढे खेळणारा. तोच छर्रा त्याला दिला तर १ ची चूक १.२८ होते आणि पावणेसात गुण जातात. छर्रा एकच, पण दुसऱ्याला तो पहिल्याच्या अडीचपटीहून जास्त महाग पडतो.

म्हणून ६०० च्या खाली असताना चांगल्या कंपनीचा साधा मॅच छर्रा, ठरलेलं एक माप, आणि सगळा वेळ उभं राहण्याच्या सरावाला. ६१० च्या आसपास स्कोअर स्थिर झाला की बॅच तपासायला सुरुवात करावी. त्याआधी तपासणीवर पैसे घालणाऱ्या पालकांना आम्ही स्पष्टच सांगतो की तेच पैसे जॅकेटच्या योग्य मापावर लावा.

डबीवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं, ते काय?

छर्‍याच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मॅचचा छर्रा डमरूसारखा असतो. पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पातळ पोकळ घेर, ज्याला सगळे स्कर्टच म्हणतात. डोकं नळीतल्या आट्यांवर (पीळदार खाचांवर) टेकून सरळ चालतं आणि स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून नळी बंद करतो. डोकं सैल असेल तर छर्रा नळीतून किंचित तिरपा निघतो. फार घट्ट असेल तर बसवताना शिसं खरवडलं जातं आणि वेग खालीवर होतो.

बाजारात ४.४८ ते ४.५२ पर्यंतची मापं मिळतात. बहुतेक रायफली ४.४९ किंवा ४.५० वर समाधानी असतात, पण हा नियम समजू नका. एकाच कारखान्यातून, एकाच महिन्यात निघालेल्या दोन नळ्यांची आवड वेगळी निघते.

मग बॅच म्हणजे काय? माप तेच असेल तर डबी तीच ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. छर्रे शिशाच्या तारेचे तुकडे साच्यात दाबून बनवतात. साचा झिजतो, बदलतो, शिशाचा घाणा बदलतो. ४.५० लिहिलेल्या दोन डब्यांचे बॅच क्रमांक वेगळे असतील, तर ते दोन वेगळे छर्रे समजावेत. क्रमांक डबीच्या तळाशी किंवा मागच्या चिठ्ठीवर असतो. दुकानदाराला “आर१० द्या” किंवा “फायनल मॅच द्या” असं छर्‍याचं नुसतं नाव सांगू नका, क्रमांक वाचून घ्या आणि वहीत उतरवा.

बॅच तपासायची नेमकी पद्धत काय?

रायफल वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या लोखंडी शिकंज्यात) धरावी. टेबल जड हवं. कडाप्पाचा ओटा किंवा भिंतीला बोल्ट केलेला लोखंडी बेंच चालतो, शाळेचा बाक चालत नाही. पकड रायफलच्या मधल्या धातूच्या भागावर घ्यावी आणि जबड्यांमध्ये चामडं किंवा जाड नमदा घालावा. नळीवर किंवा सिलिंडरवर (रायफलच्या दाबलेल्या हवेच्या नळकांड्यावर) पकड कधीही घेऊ नये. नळी दाबली की वाकते. सिलिंडर दाबाप्रमाणे किंचित फुगतो-आकसतो, त्यामुळे तपासणी चालू असतानाच गट सरकत जातो.

नेम कुठे लागतो याला इथे महत्त्व नाही. गट कागदाच्या कोपऱ्यात पडला तरी चालेल, तो किती लहान आहे तेवढंच बघायचं. कागदामागे जाड पुठ्ठा लावा, म्हणजे भोकं स्वच्छ कापली जातात. प्रत्येक गटाला नवा कागद. त्यावर तारीख, बॅच क्रमांक, सिलिंडरचा दाब आणि खोलीचं तापमान आधीच लिहून ठेवा. नंतर लिहू म्हटलं की चार कागद एकसारखे दिसतात आणि सगळी सकाळ वाया जाते.

चार बॅच तपासायच्या असतील तर क, ख, ग, घ या क्रमाने प्रत्येकी १० शॉट, लगेच उलट्या क्रमाने घ, ग, ख, क. मग हे सगळं पुन्हा एकदा. प्रत्येक बॅचचे ४० शॉट होतात. उलटा क्रम यासाठी की दाब उतरणं, वाइस किंचित सैल होणं, नळी मळणं या गोष्टी सगळ्या बॅचना सारख्या वाट्याला याव्यात. बॅच बदलली की आधी १० शॉट मोजणीत न धरता मारा. कंपनी बदलली तर २० ते ३०, कारण आधीच्या शिशाचा थर नळीतून जायला तेवढे लागतात. दाब १०० बारच्या खाली उतरू देऊ नका.

पाच शॉटचा गट पुरत नाही का? रायफलीसोबत आलेल्या कारखान्याच्या कार्डावर तर पाचच भोकं आहेत.

ते कार्ड नळी चांगली आहे याची साक्ष देतं. तुमची बॅच त्यावरून निवडता येत नाही. पाच शॉटचे दोन गट एकाच डबीतून पाडले तरी एक दुसऱ्याच्या दीडपट येणं नेहमीचं आहे. त्यातला छोटा गट दाखवून “ही बॅच भारी” म्हणणं म्हणजे नाणं एकदा उडवून निकाल देणं. शिवाय शॉट वाढले की गटही मोठा होतो. दहाचा गट पाचच्या गटापेक्षा सरासरी सव्वापट येतो. त्यामुळे कुणाचा पाचचा गट तुमच्या दहाच्या गटाशी ताडून बघू नका.

गट मोजायचा कसा आणि किती आला म्हणजे चांगला?

व्हर्नियरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत, जिथे अंतर सर्वांत जास्त आहे तिथे मोजा. त्यातून ४.५ वजा केले की दूरच्या दोन शॉटच्या केंद्रांमधलं अंतर मिळतं. दहा शॉटसाठी बाहेरून बाहेर ५ ते ५.५ मिमी उत्तम. ६ पर्यंत सरावाला आणि जिल्हा पातळीच्या सामन्याला निश्चिंत वापरावं. ७ च्या वर गेलं तर डबी शिकाऊंना द्या.

५.५ च्या गटात केंद्रं १ मिमीत मावतात, म्हणजे सगळ्यात वाईट छर्राही मधल्यापासून साधारण अर्धा मिमी सरकतो आणि १०.८ देतो. ७ च्या गटात तोच सव्वा मिमी सरकतो आणि १०.५ वर येतो. नेमबाजाने काहीही चूक न करता चार दशांश गेले.

गटाचा आकारही बघा. उभा लांबट गट वेगातला चढउतार सांगतो, तर आडवा गट बहुतेक वेळा वाऱ्याचा किंवा सैल पकडीचा असतो. नऊ शॉट एका भोकात आणि एक बाहेर असं दर कागदावर होत असेल, तर डबीत वाकलेल्या स्कर्टचे छर्रे आहेत.

कूलर चालू ठेवून तपासणी केली तर चालेल?

नाही. नागपुरात उन्हाळ्यात कूलरशिवाय बसवत नाही हे खरं, पण १० मीटर जायला छर्‍याला सेकंदाचा जेमतेम सोळावा भाग लागतो आणि तेवढ्यातही आडवा वारा त्याला ढकलतो. सेकंदाला १ मीटर, म्हणजे उदबत्तीचा धूर स्पष्ट वाकेल इतका झोत, २ ते ३ मिमी सरकवतो. मधला शॉट त्याने थेट १० च्या हद्दीवर जातो. कूलरचा झोत एकसारखाही नसतो, तो येतो-जातो, म्हणून गट आडवा फाटतो आणि दोष छर्‍यावर येतो.

दुसरं म्हणजे कूलरची ओल. कागद नरम पडतो, भोकाची कड तंतूंनी भरते आणि व्हर्नियर कुठे टेकवायचा तेच कळत नाही. तपासणी पहाटे करा, मे महिन्यात सहा ते आठच्या दरम्यान, कूलर आणि पंखे बंद ठेवून. लेनमध्ये तीन ठिकाणी उदबत्ती लावून धूर सरळ वर जातो का ते बघा. ही चाचणी स्वस्त आहे आणि फसवत नाही.

उन्हाळ्यात छर्रा फुगतो, म्हणून छोटं माप घ्यावं, असं म्हणतात. खरं आहे?

खरं नाही. शिसं २० अंशांनी तापलं तरी ४.५ मिमीच्या छर्‍याचा व्यास ०.००३ मिमीही वाढत नाही. मापांमधलं अंतर ०.०१ मिमी आहे, आणि नळीही थोडी फुगतेच. उन्हाळ्यात गट बिघडला तर कारण रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग), सील, वारा किंवा थकलेलं शरीर, यांत शोधा.

सिलिंडरवर उन्हाचा परिणाम होतो का?

छर्‍यावर होत नाही तेवढा सिलिंडरवर होतो, आणि इथे निष्काळजीपणा धोक्याचा आहे. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६५ अंशांपर्यंत तापला तर दाब २२७ बारच्या आसपास जातो. ४५ अंशांच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीत हे सहज घडतं. नागपूरहून पुण्या-मुंबईला सामन्याला जाताना सिलिंडर डिकीत ठेवून जेवायला उतरू नका. उन्हाळ्यात १७०-१८० बारपर्यंतच भरा.

सिलिंडरवर कोरलेला दाबाचा आकडा ओलांडू नका. बहुतेक २०० बारचे असतात, काही ३०० चे. त्यावरची वैधतेची तारीखही वाचा. आंतरराष्ट्रीय नियमांत कमाल मर्यादा दहा वर्षांची आहे आणि जबाबदारी खेळाडूचीच. भरायची ती फक्त कोरडी, गाळलेली हवा. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाचा अंश असला तर स्फोट होतो. हातपंप वापरत असाल तर ५०-६० फटक्यांनंतर थांबून पंप गार होऊ द्या आणि साचलेलं पाणी सोडा. पावसाळ्यात हे टाळलं तर ओल थेट रेग्युलेटरमध्ये जाते.

छर्रे वजन करून वेगळे काढावेत का?

इतवारीत सोनाराचा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा मिळतो, त्यामुळे मोह होतो. पण फायदा मोजका आहे. ०.५३ ग्रॅममध्ये ५ मिलिग्रॅमचा फरक म्हणजे सुमारे एक टक्का. त्याने वेग अर्ध्या टक्क्याने, सेकंदाला ०.९ मीटरच्या आसपास बदलतो. सेकंदाला १ मीटरच्या फरकाने छर्रा टार्गेटवर साधारण ०.२ मिमी वर किंवा खाली पडतो. म्हणजे एका दशांशाहूनही कमी. चांगल्या डबीत इतका फरक असलेले छर्रे थोडेच निघतात. मोठ्या सामन्याचे शंभर छर्रे तोलून ठेवायला हरकत नाही, रोज करण्यात वेळ जातो.

त्यापेक्षा काचेची चाचणी करा. खिडकीच्या काचेचा हातभर तुकडा घ्या. एका बाजूला दोन वह्या सरकवून त्याला उतार द्या, वरच्या कडेला पेन्सिलीने रेघ ओढा. छर्रा आडवा ठेवून रेघेवरून सोडा. डोकं आणि स्कर्ट यांचे व्यास वेगळे असल्याने तो सरळ न घरंगळता कमानीत वळतो आणि खालच्या कडेला एका ठराविक जागी येतो. दहा-वीस छर्रे सोडले की ती जागा कळते, तिथे खूण करा. ज्याचा स्कर्ट चेपला आहे तो मध्येच लंगडल्यासारखा उडतो, टकटक आवाज येतो. डोकं वेगळ्या मापाचं असेल तर तो खुणेपासून बोटभर बाजूला उतरतो. असे दोन्ही बाजूला काढा. शंभर छर्‍यांना पंधरा मिनिटं पुरतात आणि गटाबाहेर जाणारा तो एकटा शॉट बहुतेक इथेच सापडतो.

वेग मोजायला क्रोनोग्राफ हवाच का?

क्लबात एक असला तरी पुरे. दहा शॉटचा सर्वाधिक आणि सर्वांत कमी वेग यांत सेकंदाला ३ मीटरपर्यंत फरक ठीक. ५ च्या वर गेला तर छर्रा बदलण्याआधी रेग्युलेटर दुरुस्तीला द्या. फक्त पहिलाच शॉट जोरात जात असेल तर रायफल बराच वेळ पडून राहिल्यावर रेग्युलेटरमध्ये दाब झिरपतोय. तोपर्यंत सामन्यात सुरुवातीचे दोन-तीन शॉट सराव-शॉट म्हणून काढून टाका. वेगाचा स्क्रू घरी फिरवू नका.

नळी किती दिवसांनी साफ करायची?

दर ५०० ते १००० शॉटनंतर, मागून पुढे, नमद्याच्या दोन-तीन गोळ्यांनी. सळई पुढून घालू नका, नळीचं तोंड ओरखडलं की कोणतीच बॅच बसत नाही. साफसफाईनंतरचे १५-२० शॉट मोजणीत धरू नका. तपासणीच्या किंवा सामन्याच्या आदल्या दिवशी साफ करण्याची घाई तर नकोच.

छर्‍यांना तेल लावावं का?

नाही.

पावसाळ्यात छर्‍यांवर पांढरी भुकटी येते. वापरावेत का?

ती शिशावरची ओलीची झीज आहे. अशा छर्‍याचं माप बदललेलं असतं, नळीही मळते, आणि ती भुकटी बोटांनी पोटात जाते. ते बाजूला ठेवा. जुलै-ऑगस्टसाठी डब्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. लाकडी कपाट टाळा, काही लाकडांतून निघणारी आम्लाची वाफ शिशाला लागते. डबी हातातून पडली तर गुपचूप परत कपाटात ठेवू नका. झाकणावर खूण करा आणि ती सरावाला वापरा, काही स्कर्ट चेपलेले असू शकतात.

बॅच सापडली. किती डब्या घ्याव्यात?

एका सामन्याला ६० शॉट आणि सुरुवातीच्या पंधरा मिनिटांतले सराव-शॉट धरून शंभर छर्रे लागतात. वर्षाला दहा सामने आणि प्रत्येक सामन्याआधी त्याच छर्‍यावर चार-पाच सराव केले तर पाच-सहा हजार होतात. म्हणजे ५०० च्या दहा ते बारा डब्या. त्याच क्रमांकाच्या, त्याच दिवशी घ्या. दुकानात पुन्हा गेल्यावर ती बॅच संपलेली असते. रोजच्या सरावाला त्याच कंपनीची, त्याच मापाची स्वस्त डबी चालते, फक्त सामन्याआधीच्या आठवड्यात निवडलेल्या बॅचवर या.

मित्राच्या रायफलीवर जी बॅच उत्तम निघाली तीच घेतली तर?

मॉडेल एक असलं तरी नळी वेगळी आहे. त्याच्याकडून पन्नास छर्रे मागून स्वतःच्या रायफलीवर चार गट पाडा. नागपुरातले चार नेमबाज मिळून वेगवेगळ्या बॅचची एकेक डबी घेऊन आपसात वाटून तपासतात, ही पद्धत खर्चाच्या दृष्टीने सगळ्यात शहाणपणाची.

पिस्तुलाला हे सगळं लागू आहे का?

पद्धत तीच, निकड कमी. पिस्तुलाच्या टार्गेटवर १० चं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे आणि पात्रता फेरीत पूर्ण गुण मोजतात. छर्रा हलका, ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचा घेतात. गट ६.५ मिमी आला तरी पुढे जा.

लहान मुलं छर्रे हाताळतात, शिशाचा धोका किती?

धोका आहे आणि तो गंभीरपणे घ्यावा. छर्रे तोंडात धरण्याची सवय पहिल्या दिवशीच मोडा. सरावानंतर साबणाने आणि थंड पाण्याने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. ट्रॅपमधलं (टार्गेटमागे छर्रे अडवणाऱ्या पेटीतलं) शिसं काढताना मास्क लावा. लेनवर कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. वापरलेलं शिसं बंद डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या, घरी वितळवू नका. सरावाचा टी-शर्ट घरी आल्यावर वेगळा धुवायला टाका.